एक रिंग म्हणजे पाहिलं

दुपारी टीव्हीवर अम्मीची मालिका लागणार की फरहाचं पॅनेल, यावरून मायलेकींत रोज वाजायचं. बल्लारपूरच्या त्या दोन खोल्यांत मोठा पडदा तेवढा एकच. फरहा लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायची. लॅपटॉपवर कोड लिहायची आणि टीव्हीवर आपलं पॅनेल उघडं ठेवायची. शहजादीबी पदराने कपाळ पुसत त्या पडद्याकडं बघत आणि तोंड वाकडं करत. "दिनभर उस खाली डिब्बे को क्या देखती रहती है तू? ना उसमें आदमी, ना कहानी."

फरहा हसून सोडून द्यायची. त्या डब्यात अधूनमधून माणूस असायचा, पण ते अम्मीला समजावत कोण बसणार?

चंद्रपुरात एक लहानसं ऑफिस होतं, त्यात फरहा आणि मिथुन कामाला; फरहा बहुतेक दिवस घरूनच काम करायची. वडशाच्या एका राईस मिलमधल्या मशिनी कॉम्प्युटरच्या हुकमावर चालत, आणि तो हुकूम लिहायचा मिथुननं. पोरगा हुशार, पण घाईचा. चंद्रपुरात खुर्चीवर बसून तो वडशाचं मशीन चालवून बघायचा, ट्रायल घ्यायचा. ज्या एडिटरमध्ये तो कोड लिहायचा त्याला फरहानं स्वतः एक प्लग-इन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्रॅम, तयार करून जोडलं होतं. काम एवढंच, की एडिटरच्या शेजारी एक चौकट उघडायची आणि मिलमध्ये माणूस धोक्याच्या जागी उतरला की ती लालभडक करायची. तेच ते पॅनेल.

धोक्याची जागा म्हणजे गड्डा. मिलमध्ये धान वर चढवायला एक उभा पट्टा असतो, त्याला लोखंडी डबे लावलेले. तो पट्टा खालच्या गड्ड्यातून धान उचलतो आणि वर नेऊन ओततो. गड्ड्यात भुसा तुंबला की कोणीतरी आत उतरून फावड्यानं मोकळा करावा लागतो. आत माणूस असताना पट्टा चालू झाला तर काय, हे मिलमधल्या कोणाला विचारायची गरज पडत नाही, आणि कोणी तोंडातूनही काढत नाही.

वडशाच्या त्या मिलमध्ये गड्ड्यात उतरायचे ते देवाजीभाऊ. गावाकडे धानाची थोडी शेती, बाकी सारी हयात मिलमध्ये गेलेली. जुन्या मशीनच्या काळात त्यांची एक रीत होती. उतरायच्या आधी बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज उपसायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि मग खुशाल आत जायचं. मालक ओरडो, मुनीम ओरडो, फ्यूज देवाजीभाऊंच्या खिशात म्हणजे मशीन चालू होणं नाही. पुढं नवीन मशीन आलं, फ्यूजचा बोर्ड गेला, त्या जागी कुलूपबंद कपाट आलं. फरहा काम बसवायला वडशाला गेली तेव्हा ते तिच्यासमोर उभे राहून रिकामा खिसा चाचपत होते.

"बाई, खिसा खाली खाली वाटते," ते म्हणाले.

"भाऊ, आता खिशात काई ठेवाची गरज नाई," फरहा म्हणाली होती. "उतरायच्या आधी या नंबरवर मिस कॉल द्या. वापस एक रिंग आली का समजा, तिकडं कोणीतरी तुमाले पाहून राह्यलं. मंग उतरा."

तिनं त्यांच्या फोनमध्ये त्या नंबरला वेगळी रिंग लावून दिली, देवळातल्या घंटीसारखी. फोन गड्ड्याच्या काठावर चपलेत ठेवला तरी आत ऐकू यावी अशी. बाकीच्या सगळ्या फोनला साधी ट्रिंग ट्रिंग. देवाजीभाऊंना ते फार आवडलं. "हे बेस केलं बाई," ते म्हणाले. "माही पोरगी साधना दिवसात हाय, गडचिरोलीच्या दवाखान्यात जाणार हाय. तिचा फोन आला तं मले आतूनच समजन."

आता ही वापस जाणारी रिंग. सुरुवातीला ती मिथुनच्या हातात होती. पॅनेल लाल झालं की त्यानं 'पाहिलं' असं बटण दाबायचं, मग रिंग जायची. पण मिथुन कसला दाबतो? कोडात डोकं घातलं की त्याला जेवणाचं भान नसायचं, बटणाचं कुठून असणार. तिकडं देवाजीभाऊ गड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून घंटीची वाट बघत, इकडं मिलवाले फोनवर फोन करून डोकं खात. शेवटी फरहा वैतागली आणि तिनं बटणच काढून टाकलं. प्लग-इन मिथुनच्या एडिटरला विचारायचं, माझं पॅनेल पडद्यावर दिसतंय का? एडिटर म्हणाला 'हो', की माणसानं पाहिलं असं धरायचं आणि रिंग आपोआप सोडायची. दिसत नसेल तर रिंग नाही.

आणि तिनं ते अंधारात तीर मारून केलं नव्हतं बरं का. पॅनेल बंद करून पाहिलं, एडिटर म्हणाला 'नाही'. पॅनेलवर दुसरी फाईल आणली, 'नाही'. अख्खी खिडकी खाली दडवली, 'नाही'. पुन्हा समोर आणलं, 'हो'. तिला स्वतःचाच अभिमान वाटला होता. त्या दिवशी तिनं अम्मीला मालिका पूर्ण बघू दिली.

एप्रिल लागला होता. कूलर घरघरत होता, शहजादीबी जमिनीवर पाय पसरून कैरीच्या फोडी करत होत्या. फरहा प्लग-इनची नवी आवृत्ती तपासत बसली होती. टीव्हीवर पॅनेल, लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक ओळ: 'पॅनेल दिसतंय: हो'. मघाशी ऑफिसच्या ग्रुपवर मिथुनचा मेसेज येऊन गेला होता. 'लाइन गेली इथं. लॅपटॉप चार्ज आहे, वायफाय इन्व्हर्टरवर आहे. वडशाची ट्रायल घेऊनच उठतो.' फरहानं त्यावर अंगठा टाकला आणि विसरून गेली. उन्हाळ्यात लाइन जाते, येते. त्यात काय सांगायचं?

मिस कॉलचा फोन तिच्याच टेबलावर असायचा. जुना, बटणांचा, वायरनं लॅपटॉपला बांधलेला. तो वाजला आणि थांबला. पडद्यावर नाव आलं, 'देवाजी गड्डा'. टीव्हीवरचं पॅनेल लाल झालं आणि मोठ्या अक्षरात उमटलं, 'गड्ड्यात माणूस आहे'. एवढ्यात त्याच जुन्या फोननं आपणहून वडशाला एक रिंग दिली. म्हणजे चंद्रपुरात मिथुनच्या पडद्यावर पॅनेल दिसत होतं. फरहाला नेहमीसारखं बरं वाटलं. देवाजीभाऊ आता फावडं घेऊन खाली उतरले असतील.

मग तिच्याही घरची लाइन गेली.

कूलर कण्हत कण्हत थांबला. टीव्ही काळा झाला. छताचा पंखा तेवढा इन्व्हर्टरवर फिरत राहिला आणि वायफायचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. "ले, गई," शहजादीबी म्हणाल्या आणि सुपलीनं वारा घेऊ लागल्या. फरहाचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. तिनं सवयीनं कोपऱ्यातल्या ओळीकडं पाहिलं.

'पॅनेल दिसतंय: हो.'

तिनं टीव्हीकडं पाहिलं. काळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं आणि मागं सुपली हलवणारी अम्मी. पुन्हा ओळ वाचली. हो. पुन्हा टीव्ही.

एडिटर खोटं बोलला नव्हता. त्यानं पॅनेल पडद्यावर मांडून दिलं होतं, त्याच्यापुढं आडवं काही आलं नव्हतं, वायर जागच्या जागी होती. पडद्याला वीज आहे का, समोर माणूस बघतो आहे का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मिथुनच्या टेबलावर काय होतं? लॅपटॉप होता, आणि शेजारी मोठा मॉनिटर होता, साध्या लाइनवरचा, इन्व्हर्टरला न जोडलेला. कोड तो लॅपटॉपवर लिहायचा. पॅनेल कायम मोठ्या मॉनिटरवर ठेवायचा, "म्हणजे डोळ्यापुढं राहील," असं त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं. चंद्रपुरात लाइन नव्हती. मॉनिटर काळा होता. लाल पट्टी त्या काळोखात उमटली होती, प्लग-इननं 'दिसतंय' म्हणून घंटी वाजवली होती, आणि घंटीवर विसंबून देवाजीभाऊ गड्ड्यात उतरले होते. मिथुनच्या लेखी गड्डा रिकामा होता.

तिनं मोबाईल उचलला आणि मिथुनला लावला. फोन दुसऱ्या कॉलवर व्यस्त. परत लावला, तेच. मग गोपालला लावला. गोपाल मिलमध्ये वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचा, मशीनची चालूबंद त्याच्या समोर. त्याचाही फोन व्यस्त.

दोघं एकमेकांशीच बोलत होते. त्याचा अर्थ फरहाला नीट ठाऊक होता, कारण त्या बोलण्याच्या वेळी ती कित्येकदा मिथुनच्या शेजारी बसली होती. ट्रायलच्या आधी मिथुन गोपालला फोन लावायचा, वरची गाळणी नीट कर, अमुक झडप उघड, असं सगळं सांगत राहायचा. गोपालला केबिनमधून गड्डा दिसत नसे. शेवटी तो विचारायचा, "खाली कोणी नाई ना, मिथुनभाऊ?" मिथुन मॉनिटरकडं मान वळवून म्हणायचा, "लाल नाई. सोड." आज मॉनिटरवर लाल कुठून असणार? तो तर काळाठिक्कर.

फरहानं लॅपटॉप ओढला. तिला मिथुनच्या पॅनेलमध्ये इथूनच मजकूर टाकता यायचा. 'थांब, देवाजीभाऊ आत आहेत', एवढं तिनं धडाधड लिहिलं, पाठवलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. ती ओळसुद्धा त्याच काळ्या मॉनिटरवर जाऊन पडली होती. ग्रुपवर मेसेज टाकला. एकाच टिकवर अडकला. मिथुन कानाला फोन लावून बसला असेल तर मेसेज कोण बघतो? मशीनची दोरी तिच्या हाती नव्हती; मिथुन आणि मिल यांची जोडणी परस्पर होती. तिच्या हातात होता तो हा टेबलावरचा जुना फोन.

जुना फोन. तिनं झडप घालून तो उचलला, 'देवाजी गड्डा' काढलं आणि बटण दाबलं. रिंग जाऊ लागली. उचला भाऊ, उचला. रिंग संपली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजून संपला. तिसऱ्यांदा बटणावर अंगठा ठेवला आणि तो तिथंच थिजला.

त्या नंबरची रिंग घंटीची होती. तिनंच लावून दिलेली. देवाजीभाऊ आत भुसा उपसत घंटी ऐकत असतील आणि मनात म्हणत असतील, पाहून राह्यले, पाहून राह्यले. ती जितकी घंटी वाजवेल तितके ते निवांत होतील. बाहेर या म्हणून ओरडायला घेतलेल्या फोननं ती त्यांना आत बसा म्हणून सांगत होती.

"अम्मी," ती म्हणाली, "ये पकड. इसमें जो नंबर है वो बोल. जल्दी."

शहजादीबींना कशाचा पत्ता नव्हता. पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी कैरी टाकली, हात पदराला पुसला, जुना फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एक एक आकडा मोठ्यानं वाचू लागल्या. फरहा आपल्या मोबाईलवर दाबत गेली. मधे एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा घेतला. अम्मी थांबून राहिल्या, काही विचारलं नाही. फोन लागला.

साधी रिंग. ट्रिंग ट्रिंग. वडशात, मिलमध्ये, गड्ड्याच्या काठावर, चपलेत. ट्रायलच्या आधी सगळं मशीन बंद असतं, म्हणजे मिल शांत असेल, म्हणजे ऐकू जाईल. ऐकू जाऊ दे. एवढीच एक गोष्ट ती अल्लाहकडं मागत होती. साधी रिंग म्हणजे साधना असेल असं त्यांना वाटू दे. खोटं तर खोटं, वाटू दे. फावडं टाकून त्यांना लोखंडी शिडी चढू दे.

रिंग वाजत राहिली. आता बंद होणार, असं वाटलं तेवढ्यात फोन उचलला गेला.

"हालो? साधना? बोल वो माय, काय झालं?" देवाजीभाऊंचा श्वास फुलला होता. आवाजात आस होती.

"भाऊ, मी फरहा. बल्लारपूरची. तुम्ही कुठी हाय आता?"

"कोन? फरहाबाई?" ते गोंधळले. "साधनाले काई झालं काय?"

"साधना ठीक हाय भाऊ. तुम्ही गड्ड्यात हाय का बाहेर?"

"काठावर. फोनसाठी आलो नं वर. एक पाय आतच हाय शिडीवर. सांगा, उतरतो मंग, थोडाच भुसा राह्यला..."

"नका उतरू. पाय बाहेर घ्या. दूर व्हा तिथून, भाऊ, आताच्या आता."

"काऊन वो बाई?"

"घ्या ना पाय बाहेर," ती ओरडली.

पलीकडं काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. शिडी असावी, किंवा चप्पल. देवाजीभाऊ काहीतरी पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं संपायच्या आत एक जाडजूड गुरगुर सुरू झाली, ती वाढत गेली आणि मग लोखंडी डबे एकामागून एक खडखडत वर चढू लागले. फोनमधून तो आवाज बल्लारपूरच्या खोलीत भरून राहिला. शहजादीबींनी सुपली खाली ठेवली.

"भाऊ?" फरहा म्हणाली.

फक्त डबे.

"देवाजीभाऊ, बोला ना."

तेवढ्यात लोखंडावर लोखंड आपटलं, काहीतरी करकचून वाकलं, एक मोठा दणका झाला आणि मशीन बंद पडलं. मग इतकं शांत झालं की मिलमध्ये कुठं तरी वरून कोणीतरी ओरडत जिन्यावरून धावत येतंय तेही ऐकू आलं. गोपाल असावा.

"हाव," देवाजीभाऊ खूप वेळानं म्हणाले. "हाय मी. हाय. माहं फावडं आत राह्यलं होतं. थेच अडकलं."

फरहा खाली फरशीवर बसली. मोबाईलवर मिथुनचा कॉल येऊन वाट बघत होता, तिनं तो तसाच राहू दिला. अम्मी येऊन तिच्या पाठीशी बसल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोण होतं रे खाली? भाऊ, लागलं का काई?" गोपाल विचारत होता. फोन देवाजीभाऊंनी कानालाच धरून ठेवला होता.

लाइन आली. कूलर पुन्हा घरघरला, टीव्हीचा पडदा उजळला आणि पॅनेल जिथं होतं तिथूनच समोर उभं राहिलं, भिंतभर लाल. शहजादीबींनी मान वर करून ते वाचलं. "गड्ड्यात माणूस आहे," त्या सावकाश म्हणाल्या. मग फरहाकडं वळून हळूच विचारलं, "कौन है अंदर?"

फरहानं मान हलवली. आता कोणी नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

"बाई," देवाजीभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "एक इचारू?"

"विचारा ना भाऊ."

"मी मिस कॉल देल्ला. घंटी आली, मंग उतरलो. आत होतो तं आणखी दोनदा आली. मी म्हटलं, आज लय ध्यान देऊन पाहून राह्यले. अंगावरचं टेन्शनच गेलं माह्या. मंग पैली घंटी कोणं देल्ली होती?"

मिथुननं, असं सांगता आलं असतं. मशीनची गडबड, लाइनची गडबड, काहीही सांगता आलं असतं, आणि त्या भल्या माणसानं ते मान्यही केलं असतं.

"कोणीच नाई, भाऊ," फरहा म्हणाली. "तिकडं पाहाले कोणीच नव्हतं. थे आपोआप जाते."

मागं गोपाल कोणाला तरी कपाटाची चावी आणायला सांगत होता.

"पण बाई, तुमीच तं म्हणल्या होत्या," ते म्हणाले. "रिंग आली का कोणीतरी पाहून राह्यलं म्हणून."

"हो, भाऊ," फरहा म्हणाली. "मीच म्हटलं होतं."